बोला, ऐकू यायलंय

दिगंबर फोन कधी बसून घेत नसे. जेवताना घंटी वाजली तरी उष्ट्या हातानं उठायचा, डाव्या हातानं फोन कानाला लावायचा, शाळेत प्रार्थनेला राहावं तसा ताठ उभा राहायचा आणि खच्चून म्हणायचा, "बोला, ऐकू यायलंय!" हॅलो हा शब्द त्याच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकला नाही. एकदा विचारलं तर माझ्यावरच खेकसला. "हॅलो म्हनून समोरच्याला काय कळतं रे? त्याला एकच फिकीर असती, आपलं बोलनं पोचायलंय का न्हाई. ती आधी मिटवावी. बाकीचं मागून."

तो टेलिफोन खात्यात लाइनमन होता आणि मी पोस्टात. राणीसावरगावच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. गावचं शाखा पोस्ट माझ्याच ओसरीत चालायचं. त्यामुळं तो मला नावानं हाक मारत नसे, 'टपाल' म्हणायचा. मी त्याला 'तार' म्हणायचो. पत्रं बंद पडली तेव्हा यानं अख्ख्या पारावर माझी थट्टा केली, आणि पुढं घराघरातले तारेचे फोन मुके झाले तेव्हा मी ती व्याजासकट फेडली. खात्यानं वेळेआधी घरी बसायला सांगितलं तसा हा परभणीहून बायको, ट्रंक आणि पोतंभर जुने फोन घेऊन गावी आला. फोन कशाला आणलेस म्हणून विचारलं तर म्हणाला, "भंगारात द्यायला जीव हुईना. लोकांनी किती बोलनं केलंय ह्यांच्यातून."

अंगानं काटकुळा, उंच. खांबावरून पडून डावा पाय जरा आखूड झालेला, त्यामुळं चालताना दर पावलाला थोडा वाकायचा, वाटेत कुणालातरी रामराम घालत चालल्यासारखा. सदऱ्याच्या खिशात कायम पक्कड. पोरीच्या लग्नात वधूपिता म्हणून मिरवतानासुद्धा ती खिशातच होती. आणि तोंड! अरारा. बोलायला लागला की थांबणं माहीत नाही. स्वतःची तारीफ स्वतःच करायचा, तीही हात राखून नाही.

त्याच्या फुशारकीतली एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायचो. येलदरीकडं नोकरीला असताना वादळात लाइन पडली होती. एका घरात म्हातारा मुक्या फोनपाशी बसून होता, परदेशी गेलेल्या पोराचा फोन येईल म्हणून. दिगंबरनं लाइन जोडली, फोनला कान लावून बघितला, आवाज आला. काम झालं. पण हा गडी तिथून हालला नाही. म्हाताऱ्यासंगं बसून राहिला, चहा पिला, दिवस मावळला. घंटी वाजली, म्हातारा बोलायला लागला, तेव्हा हा उठला. "तार जोडली म्हंजी काम झालं का?" तो मला विचारायचा. "बोलनं पोचलं म्हंजी झालं." साहेबानं उशीर झाला म्हणून झापलं, त्याचीही बढाईच.

आता आमच्या ओढ्याचं सांगितलं पाहिजे. गावात यायला रस्ता एकच, रस्त्यावर ओढा आणि ओढ्यावर फरशी. फरशी म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. ओढा एरवी कोरडा ठणठणीत, पण वर डोंगरात पाऊस झाला की गावात थेंब नसताना एकाएकी लोंढा येतो. घोट्याइतकं पाणी बघून माणूस फरशीवर पाय ठेवतं आणि मधोमध असताना ओढा त्याला उचलून नेतो. उंच पूल मंजूर आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून मंजूर आहे. दर निवडणुकीला नारळ फुटतो आणि नारळाचं खोबरं तेवढं गावाला मिळतं.

एका पावसाळ्यात शाळेचे गुरुजी मोटारसायकलसकट गेले. दिगंबर अलीकडच्या काठावर होता. त्याला वरून येणारा लोंढा दिसला, गुरुजींना दिसला नाही. हा बोंबलत राहिला. पाण्याचा आवाज असा की याचं बोंबलणं पलीकडं गेलंच नाही. त्यानंतर बरेच दिवस त्याचा घसा बसलेला होता. माझ्या ओसरीत येऊन बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "टपाल, सारी उमर लोकायचं बोलनं पोचवलं. मला सोताला बोलायचं व्हतं तवा पोचलं न्हाई बघ." एवढा बडबड्या माणूस, पण तेवढंच बोलून उठून गेला. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर त्यानं ध्यासच घेतला. गंगाखेडला जा, परभणीला कृषी विद्यापीठात जा, मोबाईलवर काय काय बघ. शेवटी खेड्यापाड्यांत नवी यंत्रं बसवणारी पुण्याची एक संस्था त्यानं गाठली. मेघनाताई नावाची मुलगी आली, संगं दोन पोरं. त्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला, दिगंबरच्या थोरल्या बहिणीच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, एक यंत्र बसवलं. काठावर लोखंडी खांब, खांबाचा एक हात पाण्यावर काढलेला, हाताच्या टोकाला डबी आणि डबीच्या पोटाला खाली पाण्याकडं बघणारा काचेचा डोळा. वर उन्हावर चालणारी पाटी. पाणी चढायला लागलं की डोळ्याला दिसणार आणि यंत्र गावातल्या साऱ्या मोबाईलवर आपोआप फोन लावणार. लोंढा आखाड्यापासून फरशीपर्यंत यायला जो वेळ लागतो तेवढी सवड. माणूस मागं फिरायला तेवढी पुष्कळ.

फोनवर आवाज कुणाचा, हा प्रश्न निघाला. मेघनाताईनं शहरातल्या कुणा बाईचा गोड आवाज आणला होता. दिगंबर म्हणाला, "हिला कोन वळखतंय? कंपनीची जाहिरात म्हनून कट करतेल." आणि स्वतः उभा राहिला. उभाच. छाती पुढं काढून बोलला: "मी दिगंबर बोलायलोय. वरून पाणी यायलंय. फरशीवर पाय ठेवू नका. ऐकू यायलं का?"

मेघनाताई म्हणाली, "काका, शेवटचं वाक्य नको. हे रेकॉर्डिंग आहे. लोकांचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही."

"मला न येऊ द्या. त्यायला इचारलं पाहिजे ना!"

वाक्य राहिलं. आणि काय सांगू, पहिला फोन आला तेव्हा सारं गाव उत्तरं देत होतं. गल्लीगल्लीतून आवाज, "आलं, आलं!" "यायलंय दिगूभाऊ!" माझी बायकोसुद्धा तव्यावरची भाकर तशीच ठेवून "हो भावजी" म्हणाली. रेकॉर्डिंग आहे हे साऱ्यांना दहादा समजावलेलं. पण विचारणाऱ्याला उत्तर न देता फोन ठेवायचा कसा?

सगळ्यांत कहर त्याच्या बहिणीचा. गोदाक्का तिचं नाव. ओढ्यापलीकडं आखाड्यावर लेकासुनेसंगं राहायची. जाडजूड, हसरी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात. दिगंबरनंच तिला मोबाईल शिकवला होता. ती फोन कधी आपण होऊन तोडत नसे. म्हणायची, घरी आलेल्या माणसाला वाटंला लावल्याबिगर दार लावतेत का? यंत्राचा फोन आला की ती म्हणायची, "यायलं रं बाबा. जेवलास का?" आणि पलीकडून आवाज बंद होईपर्यंत कानाला लावून उभी राहायची. आम्ही हसून हसून बेजार. दिगंबर हसायचा नाही. खरोखर फोन करून सांगायचा, "जेवलो आक्का."

पण त्याआधी एक भानगड झाली होती. यंत्र बसलं त्या साली पावसानं ओढ दिली. झालं, बोभाटा सुरू. हे यंत्रच ढग पळवायलंय म्हणे. कुणी म्हणालं वर आभाळाकडं कसली किरणं सोडतंय, कुणी म्हणालं पुण्याचे लोक आपलं पाणी मोजून नेणार. एका सकाळी डबीवर धोंडे पडलेले दिसले. दिगंबर पारावर येऊन तावातावानं भांडला, आयमाय काढली, काही उपयोग नाही. मग याच्या डोक्यात एक युक्ती आली, आणि कबूल करतो, मला तेव्हा तिचं लय कौतुक वाटलं. दसऱ्याला आपल्याकडं नांगर, कोयता, मोटारसायकल, सगळ्या हत्यारा-अवजारांची पूजा होते. यानं दसऱ्याला सकाळी अख्खं गाव आखाड्यावर नेलं. खांबाला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ फोडला, आक्कानं ओवाळलं. त्या दिवसापासून धोंडा तर सोडाच, माणसं जाता-येता खांबाला हात जोडायला लागली. बारक्या डोळ्याच्या देवाला नवससुद्धा बोलले कुणीतरी.

मेघनाताईला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, छान, फक्त डोळ्याला हात लावू देऊ नका. दिगंबरनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "एवढं कळतंय की."

मग बरे दिवस आले. ओढ्याला पाणी यायचं, फोन वाजायचे, माणसं थांबायची, पाणी ओसरायचं, माणसं जायची. कुणी गेलं नाही. बाहेरगावचे लोक बघायला यायचे, साहेब लोक यायचे, 'स्मार्ट गाव' अशी पाटी लागली. दिगंबर प्रत्येकाला लंगडत आखाड्यावर न्यायचा आणि तासभर पिळायचा. पूर्वी फरशीशी आलं की माणूस थांबायचं, वर डोंगराकडं बघायचं, पाण्याचा रंग बघायचं, कान द्यायचं. ते सगळं हळूहळू सुटलं. आता फरशीवर पाय ठेवायच्या आधी लोक खिशातला मोबाईल बघायचे. फोन नाही, म्हणजे पाणी नाही. मीही तसंच करायचो.

पुढं एका दसऱ्याला आभाळ आमच्या डोक्यावर निरभ्र होतं. डोंगराकडं काळं दिसत होतं, पण परतीचा पाऊस तिकडं रोजच असायचा. सकाळी दिगंबर पूजेला आखाड्यावर जाऊन दुपारी परत आला होता. संध्याकाळी आम्ही सीमोल्लंघन करून, आपट्याची पानं घेऊन फरशीपाशी आलो. दिगंबरच्या टोपीत घटाचं धान खोचलेलं, अंगात नवा सदरा, आणि हो, खिशात पक्कड. आक्का दर दसऱ्याला आखाड्यावरून माहेरच्या देवाला सोनं वाहायला यायची, आणि हा तिला आणायला फरशीपर्यंत जायचा. आम्ही चार-दोन माणसं बोलत उभे होतो.

पलीकडच्या काठावर आक्का आली. नवं हिरवं लुगडं. फरशीवर पाणी होतं, घोटे बुडतील एवढं. ती थांबली. मागं सून होती. आक्कानं तोंडाशी हात धरून हाक मारली, "दिगू, येऊ का रं? ऐकू यायलं का?"

दिगंबरनं खिशातून मोबाईल काढला. बघितला. मीही माझा बघितला. काही नव्हतं.

"यायलंय!" तो ओरडला. "ये आक्का, फोन न्हाई आला. ये!"

ती लुगड्याचा ओचा सावरत निघाली. पदरात सोनं बांधलेलं. अर्ध्यावर आली आणि लोंढा आला. भिंत पडावी तसा आवाज झाला. हिरवं लुगडं एकदा वर दिसलं, पुन्हा दिसलं नाही. सून पलीकडं काठावर बसली ती उठलीच नाही. दिगंबर पाण्यात घुसायला लागला, आम्ही त्याला कमरेला धरून मागं ओढलं. तो आम्हाला लाथा मारत होता.

आणि मग फोन वाजले. माझ्या खिशात, त्याच्या खिशात, उभ्या असलेल्या साऱ्यांच्या खिशात, सगळे एकदम. कुणीतरी सवयीनं घेतला. पाण्याच्या त्या गदारोळात त्याचाच आवाज: मी दिगंबर बोलायलोय. वरून पाणी यायलंय. फरशीवर पाय ठेवू नका. ऐकू यायलं का?

ज्यानं घेतला होता त्यानं तो तसाच खिशात कोंबला.

दुसऱ्या दिवशी आक्का खाली बाभळीत अडकलेली सापडली. पदराची गाठ सुटली नव्हती. कमरेच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये घालून, मोबाईल, काच चिरलेली.

दिवस-कार्य उरकल्यावर मेघनाताई आली. तिनं रडून घेतलं, मग शिडी लावून डबी उघडली. आम्ही खाली उभे. काच स्वच्छ होती. पण काचेच्या कडेच्या खोबणीत पिवळं काहीतरी बसलेलं होतं, वाळून घट्ट झालेलं. ती बघत राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, "डोळ्यावर काहीतरी होतं. पाणी चढून इथपर्यंत आलं तेव्हा ते धुऊन गेलं असणार. मग याला दिसलं."

"हळद हाय," दिगंबर म्हणाला. "मी चढायची घोडी धरली व्हती."

आणि सांगितलं त्यानं, सगळ्यांपुढं. त्या सकाळी आक्का म्हणाली होती, गेल्या साली खांबाला लावली, ते काही बरं नव्हं. पायाला लावल्यावानी झालं. देवाच्या कपाळाला लावतेत, याचं कपाळ तर वर हाय. दिगंबरला घोडी धरायला लावली, वर चढली, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं तर हातानं चाचपून भरभरून लावली. म्हणाली, "तुझ्या कपाळाला लावते तसं ह्याच्याबी. ह्यो माझा दुसरा भाऊ."

"मला कळलं व्हतं," दिगंबर म्हणाला. "डोळ्याला लागली ते दिसलं व्हतं मला. तिला खाली उतरवून पुसावी म्हनलं, पर तिच्या म्होरं पुसायचं कसं? भावाच्या कपाळाची हळद कुनी पुसतं का? म्हनलं उद्या येऊन पुसतो."

मेघनाताई शिडीवरून उतरली ती त्याच्याकडं न बघताच. आखाड्यावर कोंबड्या फिरत होत्या. आक्काचा लेक मान खाली घालून घरात गेला.

गावानं त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान तो भांडला असता. माणसं पारावर त्याला जागा करून द्यायची, चहा सांगायची, विषय काढायची नाहीत. यंत्र तिथंच राहिलं. यानं मेघनाताईला एकदाच फोन केला, माझ्यासमोर. उभं राहून. "ताई, तेवढा माझा आवाज काढून टाका. दुसऱ्या कुनाचाबी घाला." तिकडून ती म्हणाली की संस्थेचं आमच्याकडचं काम संपलंय, ती स्वतः दुसरीकडं गेलीय, विचारून बघते. पुढं तो नंबर लागलाच नाही.

म्हणजे यंत्र चालू, आवाज चालू, आणि ऐकणारं कोणी नाही. पाणी आलं की फोन वाजतात, अगदी वेळेवर. लोक नाव बघतात आणि कापून टाकतात. "यायलंय" म्हणत नाहीत. खरं पाणी आहे का, ते बघायला फरशीवर जातात. काहीजण तसेच पुढं निघतात. मागच्या पावसाळ्यात दोघं बैलांसकट थोडक्यात वाचले. मी म्हणालो, अरे फोन वाजला होता ना? तर म्हणाले, "त्याचं काय खरं हाय." मला संताप आला, पण त्यांना काय म्हणणार? पूल अजून मंजूर आहे.

दिगंबरनं बोलणं सोडलं. एवढं तोंड असलेला माणूस आता विचारल्याशिवाय बोलत नाही. फोन वाजला की बायको घेते. पोरीचा असला तरी हा हातानं नको म्हणतो. पोत्यातले जुने फोन एका दिवशी भंगारवाल्याला उचलून दिले. मी 'तार' म्हणून हाक मारली तर मान वर करतो, पण 'टपाल' म्हणत नाही. मला त्या एका शब्दासाठी जीव तुटतो.

परवा पोळ्याच्या सुमारास मी त्याच्याकडं गेलो होतो. डोंगराकडं अंधारून आलेलं. तो ओसरीत भिंतीला टेकून बसलेला, मी पायरीवर. मी आजकाल नुसताच जाऊन बसतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत त्याच्या बायकोचा वाजला. आणि तिसरा एक वाजला, त्याच्या सदऱ्याच्या खिशात, पक्कड असायची त्या जागी.

त्यानं तो काढला. आक्काचा. चिरलेल्या काचेचा तोच. वाळवून, दुरुस्त करून, तिचाच नंबर पुन्हा सुरू करून घेतला असावा. मला काहीच माहीत नव्हतं.

दिगंबर भिंतीचा आधार घेत उठला. आखूड पाय सावरून सरळ उभा राहिला, फोन कानाला लावला. त्याचाच आवाज मला पायरीवर ऐकू येत होता. मी दिगंबर बोलायलोय. वरून पाणी यायलंय. फरशीवर पाय ठेवू नका. ऐकू यायलं का?

"यायलं रं बाबा," तो म्हणाला. "जेवलास का?"

पलीकडचा आवाज बंद झाला, तरी तो फोन कानाला लावून उभाच होता.